कालव्याकाठची मुरुमाची वाट : फ्रान्समधल्या सायकल सफरीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी कानाल द्यु मिदीबद्दल लिहिलं होतं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या सेतपर्यंत 240 किलोमीटरचा जुना कालवा आहे, त्याच्या काठाने पूर्वी घोडे होड्या ओढत चालायचे ती वाट अजून शाबूत आहे, आणि त्या वाटेने मी नऊ दिवस सायकल चालवली, मधे एक दिवस डोंगराकडे वाकडी वाट करून. त्यावर इतक्या मेल आल्या की सगळ्यांना एकेकटं उत्तर देणं जमेना, म्हणून यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, ग्रॅव्हल बाइक म्हणजे नक्की काय? माझ्याकडे साधी हायब्रिड सायकल आहे, सिंहगड रोडला रोज चालवतो. ती चालेल का की नवीन घ्यावी लागेल? – एक वाचक, पुणे

दादा, नवीन घेऊ नका, निदान या सफरीसाठी तरी नको. ग्रॅव्हल बाइक म्हणजे दिसायला रेसिंग सायकलसारखी, खाली वाकलेलं हँडल, पण टायर रुंद आणि फ्रेममध्ये त्या टायरला जागा. खडी, मुरूम, शेतातली पायवाट असं सगळं चालतं तिला. पण खरी गोष्ट टायरची आहे, सायकलच्या नावाची नाही. तुमच्या हायब्रिडला 40 मिलिमीटरच्या आसपासचे टायर बसत असतील तर तीच उत्तम, आणि हवा टम्म भरायची नाही, अंगठ्याने दाबलं तर थोडं दबलं पाहिजे.

हे मी अनुभवाने सांगतेय. तुलूझमध्ये भाड्याने सायकल घेतली तेव्हा मला 28 मिलिमीटरचे बारीक टायर दिले आणि ‘कालव्याला हे पुरतात’ असं सांगितलं, मीही फार विचार न करता निघाले. पहिले पन्नासेक किलोमीटर, म्हणजे पोर लोरागेपर्यंत, खरंच पुरले कारण तिथपर्यंत वाट गुळगुळीत आहे, शहरातली माणसं संध्याकाळी पळायला येतात तसली. त्यापुढे ओद जिल्हा सुरू होतो आणि वाट कच्ची होते, कुठे बारीक खडी, कुठे नुसती माती. त्रेब गावाच्या पुढे तर वाट हातभर रुंदीची, दोन्हीकडे गवत, आणि धुळीखाली झाडांची मुळं लपलेली. मुळावरून चाक गेलं की टायर रिमवर आपटतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाने डसल्यासारखी. एका दुपारी दोनदा असं झालं, दुसऱ्यांदा माझ्याकडे ट्यूब संपलेली आणि पॅच चिकटेना कारण हात घामाने ओले. शेवटी कार्कासोनला परत जाऊन जाड टायर बसवले आणि त्यानंतर सेतपर्यंत एकदाही पंक्चर नाही. म्हणून भाड्याने घेताना आधी टायरवरचा आकडा वाचा, 38 ते 45 मधला काहीही चालेल. दोन जास्तीच्या ट्यूब, पंप आणि चेन जोडायची कडी एवढं सोबत ठेवा, कारण मधल्या गावांत सायकलचं दुकान सापडेलच असं नाही.

आम्ही चौघे मित्र जायचं म्हणतोय पण आमचा ग्रुप दोन गटांत फुटलाय, दोघांना ल्वार नदीकाठचे राजवाडे बघायचेत. ल्वारचा मार्ग पण ट्रॅफिक फ्री आहे ना? – ठाणे

ल्वारचा मार्ग सुंदरच आहे, सुमारे 900 किलोमीटर लांब, पाट्या चोख लावलेल्या, शांबोरसारखे राजवाडे वाटेवर किंवा थोडं वळून. पण तो सगळाच्या सगळा गाड्यांपासून वेगळा नाही. बराच भाग गावांमधल्या शांत छोट्या रस्त्यांवरून जातो, गाडी क्वचित येते पण येते. आणि तुम्हाला मुरूम-मातीचं सायकलिंग हवं असेल तर तिथे डांबर बऱ्यापैकी आहे.

गाडी नकोच असेल तर फ्रान्समध्ये दोन प्रकारच्या वाटा शोधायच्या, कालव्याकाठच्या आणि बंद पडलेल्या रेल्वेच्या. दोन्हींना चढ जवळजवळ नसतो, कारण पाण्याला चढता येत नाही आणि जुन्या आगगाडीलाही फार चढता येत नव्हतं. अशा वाटेला तिकडे ‘व्हॉआ व्हेर्त’ म्हणतात, हिरवी वाट, म्हणजे चालणारे, सायकलवाले, कुठे कुठे घोडेवाले, मोटार नाही. नकाशावर हा शब्द दिसला की निर्धास्त जायचं. नुसता ‘सायकल मार्ग’ लिहिलं असेल तर आधी चौकशी करायची. चौघांचं भांडण मिटवायचं असेल तर दोन दिवस ल्वारचे राजवाडे पाहा आणि मग ट्रेनने तुलूझला या, असं मी करेन.

मॅडम, राग मानू नका पण कालवा बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आमच्याकडे पाटबंधारे खात्याचा कालवा घरामागेच आहे. – कोल्हापूर

राग कसला, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला आणि याचंच उत्तर लांब होणार आहे.

सतराव्या शतकात फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरून भूमध्य समुद्रावर माल न्यायचा तर जहाजांना पूर्ण स्पेनला वळसा घालून, जिब्राल्टरमधून जावं लागायचं, हजारो किलोमीटर, वर चाचे आणि वादळं. मधून कालवा काढावा ही कल्पना जुनी होती, राजे आले गेले, जमलं कुणालाच नाही. अडचण खणण्याची नव्हतीच, अडचण पाण्याची होती. दोन समुद्रांच्या मधे नोरूझ नावाचा उंचवटा आहे, समुद्रसपाटीपासून साधारण 190 मीटर. कालवा तिथून दोन्हीकडे उतरणार, म्हणजे होडी न्यायला प्रत्येक वेळी पाणी अडवणारा दरवाजा उघडला की वरचं पाणी खाली जाणार. मग माथ्यावर सतत पाणी आणायचं कुठून?

हे कोडं सोडवलं पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने, आणि तो इंजिनिअर नव्हता हो, तो मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी होता, जन्माने बेझिएचा, साठीकडे झुकलेला. त्याने पाहिलं की उत्तरेला मोंतान्य न्वार, म्हणजे काळा डोंगर, तिथे ओढे भरपूर आहेत. ते सगळे ओढे एका चारीत गोळा करायचे, सें फेर्रेओलला मातीचं आणि दगडी भिंतींचं मोठं धरण बांधून साठवायचे आणि तिथून नोरूझच्या माथ्यापर्यंत चारीने आणायचे. राजाचा मंत्री कोल्बेर याला पटवण्यासाठी 1665 मध्ये आधी प्रयोगाची छोटी चारी खणून पाणी खरंच माथ्यावर पोचतं हे दाखवलं, आणि ऑक्टोबर 1666 मध्ये चौदाव्या लुईचा हुकूम निघाला.

1666. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. मी नोरूझला दगडी कठड्यावर बसून हे साल वाचलं आणि एकदम सगळं जवळचं वाटायला लागलं, कारण इतिहासात साल पाठ असणं वेगळं आणि त्या सालाच्या शेजारी जगात दुसरीकडे काय चाललं होतं हे कळणं वेगळं. पुढची चौदा वर्षं इकडे राज्याभिषेक, दक्षिण दिग्विजय, आणि तिकडे हा माणूस खणतोय. बारा हजारांपर्यंत मजूर होते, त्यात बायाही मोठ्या संख्येने. सरकारचा पैसा कमी पडला तेव्हा त्याने स्वतःचा घातला, आणि 1680 च्या ऑक्टोबरमध्ये, महाराज गेले त्याच वर्षी, तो वारला. कालवा सुरू झाला मे 1681 मध्ये. काही महिन्यांसाठी त्याचं बघायचं राहिलं, आणि घरच्यांच्या माथी राहिलं ते कर्ज.

आता तुमच्या घरामागच्या कालव्याचा आणि याचा फरक. हा पाणी देण्यासाठी नाही, होड्या चढवण्या-उतरवण्यासाठी आहे, आणि ते कसं होतं हे सायकलवरून इतकं जवळून दिसतं की लहान मुलालाही समजेल. मी एका दुपारी अशा लॉकपाशी ब्रेड-चीज खात बसले होते. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची खोली. होडी आत आली, मागचा दरवाजा बंद, पुढच्या दरवाज्यातली झडप उघडली आणि पाणी खळाळत पुढे निघालं. होडीवरचे आजी-आजोबा माझ्या डोळ्यांसमोर होते ते हळूहळू भिंतीखाली गेले, आधी कमरेपर्यंत, मग फक्त टोपी दिसायला लागली, भिंतीवरचं ओलं शेवाळ उघडं पडत गेलं आणि दहा-बारा मिनिटांत ते दोन-अडीच मीटर खाली. मग पुढचा दरवाजा उघडला, त्यांनी हात केला आणि गेले. कुठे पंप नाही, नुसतं पाण्याचं वजन. आणि ही खोली चौकोनी नसते, लांबट गोल असते, कारण सुरुवातीला सरळ भिंतींचं एक लॉक मातीच्या दाबाने आत कोसळलं, मग रिकेने भिंती कमानीसारख्या वळवल्या, आडवी कमान म्हणा ना. विहिरीचं गोल बांधकाम आपल्याकडे उभं राहतं ते त्याच कारणाने.

प्रत्येक लॉकशेजारी ते सांभाळणाऱ्याचं छोटं घर असतं आणि दारावर पाटी, लॉकचं नाव, मागचं लॉक इतके मीटर, पुढचं इतके मीटर. नवव्या दिवशी मला त्या पाट्या वाचायची इतकी सवय झाली होती की सेतच्या रस्त्यावर मी घरांवर पाट्या शोधत होते.

तर माझं म्हणणं एवढंच, ही वाट सायकल चालवायला बांधलेलीच नाही, ती या यंत्राचा भाग आहे, घोड्यांची बाजू. तुम्ही तिच्यावरून जाता तेव्हा इतिहास शेजारून बघत नाही, त्याच्या अंगावरून चालता. मग दिवसाला 80 किलोमीटर मारून उपयोग नाही. 30-35 पुरे. आणि जमलं तर नोरूझहून रेव्हेलकडे जाणाऱ्या चारीच्या काठाने सें फेर्रेओलपर्यंत जाऊन या, साधारण 40 किलोमीटर एका बाजूने, सगळी कच्ची वाट, झाडी, शेतं, हाताला लागेल इतकं जवळ वाहतं पाणी, आणि माणूस नाही. मुख्य कालव्यावर जेवढे लोक दिसले त्याच्या दशांशही तिथे नव्हते. मला विचाराल तर सगळ्या सफरीतला तो दिवस सगळ्यात चांगला.

सगळा मार्ग करायला सुट्टी नाही, तीन दिवस आहेत फक्त. कुठला तुकडा करू? – डोंबिवली

कार्कासोन ते बेझिए. कार्कासोनचा तटबंदीचा जुना गाव सकाळी लवकर बघून घ्या, दहानंतर फार गर्दी. (तिथल्या बुरुजांची टोकदार छपरं एकोणिसाव्या शतकात विओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने दुरुस्ती करताना घातलीत, सगळं मध्ययुगीन नाही, पण भिंती पाहून छाती दडपतेच.) मग त्रेबच्या पुढची मुळांची वाट, ती सावकाश. आर्जांस गावानंतर 54 किलोमीटर एकही लॉक नाही, पाणी एका पातळीत डोंगराला बिलगून वळत वळत जातं आणि वाटही तशीच, पेडल मारायचं लक्षातही राहत नाही. त्यातच 1676 चा रेप्यूद्रचा पूल येतो, जिथे कालवाच नदीवरून पुलाने जातो. पुढे ल सोमाय, कमानीच्या दगडी पुलाचं इवलंसं गाव, तिथे मुक्काम करा.

बेझिएच्या अलीकडे माल्पासचा बोगदा. टेकडी भुसभुशीत निघाली तेव्हा काम थांबवायचे आदेश आले होते, रिकेने ते न ऐकता बोगदा पाडला असं तिथे सांगतात. सायकलची वाट वरून जाते, तिथून पाच मिनिटं चढून माथ्यावर जाच, कारण खाली मोंतादीचं तळं दिसतं, म्हणजे होतं. तेराव्या शतकात, 1247 मध्ये परवानगी घेऊन, ते आटवून शेती केली आणि पाणी काढायच्या चऱ्या मध्यापासून सूर्याच्या किरणांसारख्या काढल्या. आजही शेतं त्याच आकाराची आहेत, एकेक फाक वेगळ्या रंगाची. त्याच टेकडीच्या पोटातून तळ्याचं पाणी काढायची ती जुनी वाट, कालवा आणि नंतरची रेल्वे, असे तीन बोगदे एकमेकांच्या वर-खाली गेलेत. शेवट फोंसेरानला, जिना उतरावा तशा एकापाठोपाठ लॉकच्या खोल्या, साडेएकवीस मीटरचा उतार. आणि संपलं की बेझिए स्टेशन जवळच.

आई-बाबा 64 आणि 61 वर्षांचे आहेत, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय दोन वर्षांपूर्वी. दोघं घरी सायकल चालवतात थोडी. झेपेल का? – नागपूर

डॉक्टर हो म्हणाले असतील तर झेपेल, पण त्यांना कालव्यावर नेऊ नका, निदान त्या मुळांच्या भागात नकोच. त्यांच्यासाठी पूर्वेकडच्या बुर्गोन्य प्रांतातला जिव्री ते क्ल्युनी हा जुन्या रेल्वेचा मार्ग घ्या, 44 किलोमीटर, 1997 मध्ये सुरू झालेली फ्रान्समधली पहिली हिरवी वाट. डांबरी, रुंद, सपाट, द्राक्षमळे, जुनी स्टेशनं. क्ल्युनीला 910 मध्ये स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत, रोमचं सध्याचं सेंट पीटर्स बांधून होईपर्यंत तिथलं चर्च ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं. दोन दिवसांत आरामात होईल.

ई-बाइक तिकडेच भाड्याने घ्या, इथून नेऊ नका, तिची मोठी बॅटरी विमानात चालत नाही. तिकडच्या ई-बाइकची मदत ताशी 25 किलोमीटरला बंद होते, त्यामुळे अचानक पळेल ही भीती नको. फक्त दोघांना आधी अर्धा तास मोकळ्या जागेत सराव करू द्या, ती जड असते, थांबताना तोल जातो, चालताना नाही. आणि सीट बाबांच्या उंचीला नीट लावून घ्या, कमी ठेवली तर गुडघा पहिल्या दिवशीच बोलायला लागेल.

आम्ही लंडनला असतो, मुलगी 9 वर्षांची आहे, कालव्याकाठी कठडा असतो का? – एक आई

नाही हो. बऱ्याच ठिकाणी वाट आणि पाणी यांच्यात फक्त गवताचा हातभर पट्टा असतो. सरळ चालवणारी, सांगितलं की थांबणारी मुलगी असेल तर तुलूझ ते पोर लोरागेचा रुंद भाग करा, तिला पाण्याच्या उलट्या बाजूला ठेवा, एक मोठं माणूस पुढे, एक मागे. 12 वर्षांखालच्या मुलांना फ्रान्समध्ये हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, मागे बसलेल्यालाही. मोठ्यांना नाही, पण मुलीला घालायला लावून आपण बोडक्याने फिरायचं हे बरं दिसत नाही, घालाच. कानात इयरफोन कुणालाच चालत नाही, दंड होतो.

मी शाकाहारी आहे, कांदा-लसूण चालतं पण अंडं नाही. उपाशी मरेन का? – सांगली

उपाशी नाही मरणार काकू, पण तयारीने जावं लागेल. कास्तेलनोदारी गाव ज्यासाठी प्रसिद्ध आहे ते कासुले म्हणजे पांढऱ्या घेवड्याची मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवलेली उसळच, पण त्यात बदक आणि डुकराचं मांस असतं, ‘बिनमांसाचं द्या’ म्हणून वेगळं करून मिळत नाही कारण सगळं एकत्रच शिजतं. सॅलड मागवलं तरी विचारा, वरून ‘लार्दों’ म्हणजे बेकनचे बारीक तुकडे टाकतात, मला पहिल्यांदा ते भाजलेला कांदा वाटले होते. ‘सां व्यांद, सां प्वासों, सां झफ’, म्हणजे मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, हे तीन शब्दप्रयोग कागदावर लिहून ठेवा आणि दाखवा.

दिवसाचं खाणं मात्र सोपं. सकाळी बेकरीतून ताजा लांब पाव, बाजारातून टोमॅटो, बकरीच्या दुधाचं चीज, ऑलिव्ह, पीच, आणि कालव्याकाठी बाक. सोबत शेंगदाण्याची चटणी न्या, त्या पावाबरोबर फार छान लागते, मी माझी तिसऱ्या दिवशी संपवली आणि मग पस्तावले. दुकानं दुपारी साधारण बारा ते दोन बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि कधी कधी सोमवारीही, त्यामुळे बारा वाजायच्या आत खरेदी करून ठेवायची. पाणी गावातल्या दफनभूमीत भरता येतं, तिथे नळ असतो. ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते पाणी प्यायचं नाही.

मी 34 वर्षांची, एकटी जायचं म्हणतेय, घरचे नको म्हणतायत. – नाशिक

मीही एकटीच गेले होते. वाटेवर दिवसा कुत्री फिरवणारी माणसं, होडीवाले, तुझ्यासारखेच एकटे सायकलवाले भेटत राहतात, ‘बोंझूर’ म्हणतात आणि जातात. मला असुरक्षित असं कधी वाटलं नाही. जपायचं ते दुसऱ्याच गोष्टींना. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोच, वाटेला दिवे नाहीत आणि शेजारी पाणी आहे. तुलूझसारख्या शहरातून बाहेर पडताना पुलांखालून जाणारा भाग सकाळच्या वर्दळीत कर. सायकल रात्री आत ठेवू देतील का हे बुकिंग करतानाच विचार, शहरात सायकली चोरीला जातात. सगळ्या अडचणींना एकच नंबर, 112. व्हिसासाठी 30,000 युरोचा मेडिकल विमा लागतोच, त्यात सायकलिंग धरलंय का ते वाचून घे. आणि घरच्यांना रोज संध्याकाळी लॉकच्या पाटीचा फोटो पाठव, मी आईला पाठवायचे, चौथ्या दिवसापासून तीच विचारायला लागली की पुढचं किती मीटरवर आहे.

कधी जायचं, कुठून कुठे, आणि ट्रेनमध्ये सायकल घेतात का? – बऱ्याच जणांचा प्रश्न

एप्रिल ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन जबरदस्त आणि राहायच्या जागा महाग. दिशा तुलूझहून सेतकडे, कारण तिथला सेर्स नावाचा वारा वायव्येकडून समुद्राकडे वाहतो आणि पाठ ढकलतो. उलट्या दिशेचा ओतां सुटला तर मात्र सपाट वाटेवरही घाट चढल्यासारखं होतं, त्या दिवशी मुकाट्याने अंतर कमी करायचं.

पॅरिसहून तुलूझला वेगवान ट्रेन साडेचार तासांच्या आसपास घेते. तिच्यात सायकल सुटी करून पिशवीत घालून न्यायची किंवा काही गाड्यांत आधी जागा बुक करून उभी. सेतहून परत तुलूझला यायला बोर्दो-मार्सेय लाइनची गाडी आहे, तिच्यातही सायकलचं आरक्षण लागतं. छोट्या लोकल गाड्यांत साधारणपणे तशीच चढवता येते, गर्दीची वेळ टाळा.

पॅरिसला नोकरी करतो, मिदी करून झालाय. असंच अजून काही? – एक वाचक

मस्त! मग वायव्येकडच्या ब्रिटनीतला नांत ते ब्रेस्त कालवा, साडेतीनशेहून जास्त किलोमीटर, दाबून बसवलेल्या खडीची वाट, ग्रॅव्हलसाठी याहून चांगलं मला माहीत नाही. इंग्रजांनी समुद्राची नाकेबंदी केली तर आरमाराला माल आतून पोचावा म्हणून नेपोलियनच्या काळात तो काढला. जोसलॅंचा किल्ला थेट पाण्यातून वर येतो, आणि ग्लोमेलला डोंगर कापलेला खोल चर आहे, तो कैद्यांकडून खणून घेतलाय. तिथे सायकलवरून उतरून चालत जा. पाऊस कधीही येतो, रेनकोट वर ठेवा.

दुसरी, मिदीच्या उत्तरेला माझामे ते बेदार्यू, जुनी रेल्वे, 80 किलोमीटरच्या आसपास, बोगदे, पूल, आणि ओलार्ग हे डोंगरावरचं गाव. बोगद्यात थंडी वाजते, जॅकेट आणि दिवा हाताशी ठेवा.

मी रत्नागिरीला कलमं करतो. त्या कालव्यावरची झाडं तोडतायत असं वाचलं, खरं का? इतकी जुनी झाडं का तोडावी? – रत्नागिरी

खरं आहे, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय. कालव्याची ओळख म्हणजे दुतर्फा प्लेन वृक्ष, चिनारच्या जातकुळीतले, साल पापुद्र्यांनी सुटणारी, पांढरट-हिरव्या ठिपक्यांची खोडं. एकूण 42,000 होते, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेले, सावली द्यायला आणि मुळांनी काठ धरून ठेवायला. त्यांना बुरशीचा रोग लागला, कालव्यावर तो 2006 मध्ये सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून तो युरोपात आला असं मानतात. बुरशी लाकडात शिरते, रस वाहणाऱ्या नळ्या बंद करते आणि मोठं झाड दोन ते पाच वर्षांत वाळतं. इलाज नाही. जमिनीखाली शेजारच्या झाडांची मुळं एकमेकांना जुळलेली असतात त्यातून ती पुढे जाते, कालव्याच्या पाण्यातून जाते, होड्यांच्या दोऱ्यांनी साल घासते तिथून शिरते. तुम्ही कलमं करता, चाकू पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावत नाही, तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून आजारी झाड आणि त्याच्या शेजारची तोडून जागेवरच जाळतात. हजारो गेलीत.

त्रेबच्या आसपास मी असा एक मोठा तुकडा पाहिला. सकाळपासून बोगद्यासारख्या सावलीतून येत होते, पानांतून गोल गोल ऊन वाटेवर पडलेलं, आणि एकदम वरचं छप्पर संपलं. लख्ख ऊन, पाण्याचा रंगसुद्धा वेगळा. काठावर काठीला बांधलेली नवी रोपं, माझ्या खांद्याइतकी. यावेळी एकच जात लावत नाहीयेत, ओकसारखी वेगवेगळी झाडं मिसळून लावतायत, एक रोग आला तर सगळी जाऊ नयेत म्हणून. एका रोपाला हात लावून पाहिला, पानं खरखरीत होती, नुकतं पाणी घातलेलं, बुंध्याशी चिखल ओला होता.

जाणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, जुन्या झाडाला सायकलची साखळी गुंडाळू नका, खोडावर नाव कोरू नका, साल सोलली की तिथूनच रोग आत जातो. सायकल टेकवायची असेल तर पुलाच्या कठड्याला टेकवा.